साडेतीनशेची रेघ

बाळ बाहेर आलंय. नाळ कापली, गर्भजल वाहून गेलं, आणि आता सिस्टर रक्त मोजायची ही पारदर्शक प्लास्टिकची पिशवी बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवताहेत. दोन पट्टे पोटावरून घेऊन सैलसर बांधतात. खालचं टोक बघा. नरसाळ्यासारखं निमुळतं, टेबलाच्या कडेवरून खाली सोडलेलं. त्यावर मिलिलिटरच्या खुणा, आणि दोन ठळक रेघा. पिवळी ३५० वर, लाल ५०० वर.

(निवेदन थांबते. बाळाचं रडणं.)

या लेबर रूममध्ये वॉर्मर आहे, मॉनिटर आहे, सक्शन मशीन आहे. आपण मात्र या पिशवीपाशीच थांबणार आहोत. ती बेळगावात घडली.

२००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत एक चाचणी चालली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) सिस्टरनी १,६२० जणींपैकी निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भाशय आवळून रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या. पण रक्त किती गेलं, हे मोजायचं कसं? घरातल्या बाळंतपणात ते जुन्या लुगड्यात मुरतं, जमिनीवर पसरतं. म्हणून बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून ही पिशवी तयार केली. नजरेच्या अंदाजाशी ती ताडून पाहिली, तेव्हा अंदाज ३३ टक्क्यांनी कमी निघाला. रोज बाळंतपणं करणाऱ्यांचा अंदाज हा! चाचणीत गोळीमुळे अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांऐवजी ६.४ टक्के राहिलं, आणि हे ठामपणे सांगता आलं ते मोजमाप हाताशी होतं म्हणून.

आता रक्त जास्त जातं अशा एखाद्या वेळचा सिस्टरांचा फोन ऐका. “जरा जास्त जातंय” असं त्या म्हणत नाहीत. “मॅडम, चारशे झालं, वार पूर्ण पडलीय,” म्हणतात. पलीकडच्या डॉक्टरला लगेच निघावंच लागतं.

(सिस्टरांचा हात, पोटावरून गर्भाशय चोळताना.)

अशा वेळी गर्भाशय चोळणं, ते आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्त गोठून राहायला मदत करणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाईन, रक्त कुठून जातंय याची तपासणी. एकाचा गुण येतो का याची वाट न बघता सगळं एकदम. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत मापाची पिशवी आणि ही पद्धत जोडीनं तपासली गेली. २०२३ मध्ये निष्कर्ष आला, गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी कमी.

इकडे आपल्या लेबर रूममध्ये सिस्टर वाकून पिशवीवरचा आकडा वाचताहेत. दीडशे. केसपेपरवर लिहिला, शेजारी वेळ टाकली. पंधरा मिनिटांनी पुन्हा वाकतील.