डोलकाठीला ठोकलेलं निशाण

११ ऑक्टोबर १७९७. हॉलंडच्या किनाऱ्यालगत, कॅम्परडाउनसमोर ब्रिटिश आणि डच आरमारं भिडली आहेत. ब्रिटिशांचे सेनापती अ‍ॅडमिरल डंकन ‘व्हेनरेबल’ या ७४ तोफांच्या जहाजावर आहेत.

तोफांच्या धुरात शेजारचं जहाज दिसत नाही. अशा वेळी नजर जाते ती डोलकाठीच्या टोकाकडे. तिथलं निशाण फडकतंय, म्हणजे जहाज लढतंय. दोरी सोडून ते खाली घेतलं, म्हणजे शरणागती. त्या काळी समुद्रावर दोन्ही बाजूंना कळणारी ही खूण होती.

आणि नेमकं ‘व्हेनरेबल’च्या डोलकाठीचं टोक तोफगोळ्याने उडतं. अ‍ॅडमिरलचं निशाण कोसळतं. जहाज शरण गेलेलं नाही, पण हे दूरच्या जहाजांना कसं कळावं?

एक खलाशी ते निशाण घेऊन भर माऱ्यात तुटक्या डोलकाठीवर चढतो आणि खिळ्यांनी ठोकून टाकतो. आता दोरी नाही, ते उतरवण्याची सोय नाही. या जहाजाने माघारीची वाटच बंद केली.

इंग्रजीत आजही भूमिका उघडपणे घेऊन शेवटपर्यंत न सोडणाऱ्याबद्दल म्हणतात, त्याने निशाण डोलकाठीला ठोकलं. १८०८ मध्येच वॉल्टर स्कॉटने ‘मार्मिअन’ या काव्यात राजकारणी चार्ल्स जेम्स फॉक्सचा गौरव करताना हे शब्द वापरले. लढाईतली कृती अवघ्या ११ वर्षांत राजकारणातल्या निष्ठेला लागू झाली होती.

पण तो खलाशी कोण होता?

जॅक क्रॉफर्ड, वय २२, गाव संडरलंड. नदीतून कोळसा वाहणाऱ्या होड्यांवर राबणारा पोरगा. आरमारात तो राजीखुशीने आला नव्हता, त्याला सक्तीने भरती केलं होतं. त्याच वर्षी पगार आणि हालअपेष्टांवरून ब्रिटिश खलाशांनी बंड केलं होतं. डंकनचीही बहुतेक जहाजं त्यात सामील झाली. तेव्हा त्याने उरलेल्या दोन जहाजांनिशी डच बंदराची नाकेबंदी टिकवली, क्षितिजापलीकडे मोठा ताफा उभा असल्यागत खोटे इशारे देत! असे असंतुष्ट खलाशी काही महिन्यांनी लढले आणि ११ डच जहाजं पकडली गेली. ही गोष्ट मला त्या निशाणाइतकीच मोठी वाटते.

विजयानंतर डंकनला वर्षाला ३,००० पौंडांचं निवृत्तिवेतन मिळालं. क्रॉफर्डला ३० पौंड. संडरलंडकरांनी त्याला चांदीचं पदक दिलं. पुढे गरिबीत ते त्याला विकावं लागलं. १८३१ मध्ये शहरात कॉलरा आला, तेव्हा पहिल्या बळींत तो होता. त्याला गरिबांच्या कबरीत पुरलं, तीही निनावी. हे ऐकून आजही संताप येतो.

१८९० मध्ये त्याच शहराने मोब्रे पार्कमध्ये त्याचा पुतळा उभारला. तोवर त्याला जाऊन ५९ वर्षं झाली होती.