परवाना कशाला बांधलेला आहे?

मंडळी, लहान कार्यालयासाठी पाच-दहा संगणक घ्यायचे ठरले की प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांवर तासभर घासाघीस होते आणि विंडोजचा विषय "ते टाकून देतो की" एवढ्यावर मिटतो. काय टाकणार, कोणत्या परवान्याचं टाकणार, हे कुणी विचारत नाही. मग एखाद्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' उमटतं किंवा मदरबोर्ड जळतो, आणि तेव्हा कळतं की पैसे नेमके कशाचे दिले होते तेच ठाऊक नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. पंचवीस अक्षरांची की आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना हा वापराचा करार; की हे तो चालू करण्याचं साधन. संगणक ॲक्टिव्हेट झाला म्हणजे परवाना आला असं होत नाही, आणि सगळी फसवणूक याच फटीतून होते. म्हणून विकत घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा: हा परवाना कशाला बांधलेला आहे? मदरबोर्डाला, विकत घेणाऱ्याला, की संस्थेच्या कराराला?

मदरबोर्डाला बांधलेला तो ओईएम, म्हणजे मशीन बनवणाऱ्यामार्फत मिळणारा परवाना. नामांकित कंपनीच्या लॅपटॉपबरोबर हाच येतो. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून त्याची की बायॉसमध्येच, म्हणजे मदरबोर्डावरच्या चिपमधल्या मूळ प्रोग्राममध्येच, लिहिलेली असते, त्यामुळे फॉर्मॅट करून पुन्हा विंडोज टाकलं तरी की मागत नाही. असेम्बल केलेल्या मशीनसाठी दुकानदार सिस्टिम बिल्डर प्रकारचा ओईएम परवाना देतो. तो रिटेलपेक्षा स्वस्त पडतो, पण दोन अटी येतात. एक, काही अडलं तर मदत करण्याची जबाबदारी मायक्रोसॉफ्टची नसून मशीन बांधून देणाऱ्याची. दोन, तो त्या मशीनबरोबरच संपतो. बोर्ड दोषामुळे बदलावा लागला तर परवाना टिकतो. वेग वाढवण्यासाठी तुम्ही हौसेनं नवा बोर्ड बसवलात तर ते नवं मशीन धरलं जातं आणि परवाना नवा घ्यावा लागतो.

लॅपटॉपच्या दुरुस्तीत इथे हमखास गडबड होते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बोर्ड बदलला तर नव्या बोर्डात की लिहून द्यायला हवी, आणि ते झालंय का हे मशीन ताब्यात घेतानाच तपासायचं. बाहेर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात किंवा कुठेही जुना बोर्ड बसवून घेतला, तर त्या बोर्डात दुसऱ्याच मशीनची की असते, नाहीतर काहीच नसतं. स्वस्त दुरुस्तीच्या हिशेबात नव्या परवान्याची रक्कम कुणी धरत नाही.

रिटेल परवाना विकत घेणाऱ्याच्या मालकीचा राहतो. एका वेळी एकाच मशीनवर चालतो, पण जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतो. दर तीन-चार वर्षांनी बोर्ड-प्रोसेसर बदलणाऱ्या छापखान्याला, व्हिडिओ संकलन करणाऱ्याला हाच परवडतो, सुरुवातीला महाग वाटला तरी. नेताना आधी जुन्या मशीनवरून की काढायची: टर्मिनल, म्हणजे आदेश टंकायची खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'एसएलएमजीआर' (slmgr), एक जागा सोडून तिरकी रेघ (/), लगेच 'यूपीके' (upk). मग नव्या मशीनवर सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, 'चेंज प्रॉडक्ट की'. उलट सात-आठ वर्षं हात न लावता चालवायच्या हिशेबाच्या मशीनला ओईएमच बरा. तिथे रिटेलचे जास्तीचे पैसे वाया जातात, हे माझं स्पष्ट मत आहे.

होम की प्रो, हा प्रश्न परवान्याच्या प्रकाराइतकाच महत्त्वाचा आहे. भारतात स्वस्त लॅपटॉपवर बहुधा 'होम सिंगल लँग्वेज' असतं. त्यात विंडोजची भाषा बदलता येत नाही. मराठी टंकलेखनाला मात्र काही अडचण नाही, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यातही जोडता येतो. होममध्ये संगणक डोमेनला, म्हणजे कार्यालयाच्या एकत्रित नियंत्रणाखालच्या नेटवर्कला, जोडता येत नाही, सगळ्या मशीनना एकाच जागेवरून नियम लावणारी ग्रुप पॉलिसी नाही, डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची पूर्ण सोय नाही, आणि दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपनं त्या मशीनवर येता येत नाही. हिशेबाचा डेटा एका मशीनवर ठेवून बाकीच्यांनी तो वापरायचा असेल तर ते एक मशीन तरी प्रो घ्या. त्यावर संचिकांसाठी जोडायची मुभा वीस उपकरणांपर्यंतच आहे. त्यापुढे विंडोज सर्व्हर लागतं, आणि सर्व्हरबरोबर प्रत्येक वापरणाऱ्यासाठी किंवा प्रत्येक उपकरणासाठी वेगळा प्रवेश परवाना, म्हणजे 'कॅल', घ्यावा लागतो. सर्व्हर घेऊन कॅल विसरणारे पुष्कळ.

एक अडचण फार जणांना येते. लॅपटॉपवर होम आहे, तुम्ही प्रोचा रिटेल परवाना आणलात आणि पेनड्राइव्हवरून नव्यानं विंडोज टाकलं. इन्स्टॉलर बायॉसमधली होमची की स्वतःच उचलतो आणि न विचारता होम टाकतो. लोक समजतात की नवी की खोटी निघाली. घाबरायचं नाही, होम पूर्ण चालू होऊ द्यायचं आणि 'चेंज प्रॉडक्ट की'मध्ये प्रोची की द्यायची. फॉर्मॅट न करता तेच मशीन प्रो होतं.

आता व्हॉल्यूम परवाना, संस्थेच्या करारावरचा. यात सगळ्यात महागात पडणारा गैरसमज असा की दहा कोरी मशीन घ्यावीत आणि दहा व्हॉल्यूम परवाने घेऊन मोकळं व्हावं. डेस्कटॉप विंडोजचा व्हॉल्यूम परवाना अपग्रेडचा असतो. खाली आधीच प्रोसारखा पात्र परवाना लागतो, आणि होम त्यासाठी पात्र धरलं जात नाही. म्हणजे विंडोजशिवाय घेतलेल्या मशीनवर तो कागद आणि ती की असूनही तुम्ही विनापरवाना. ज्या संस्थांकडे आधीपासून बिनपरवान्याची मशीन चालू आहेत, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचा 'गेट जेन्युइन' नावाचा वेगळा करार आहे. त्यात प्रोचा पूर्ण परवाना मिळतो, तोही त्या-त्या मशीनपुरता. अधिकृत पुनर्विक्रेत्याला हे नाव घेऊनच विचारा. "व्हॉल्यूम द्या" एवढंच म्हणालात तर तो अपग्रेडचाच भाव देईल, आणि चूक त्याची ठरणार नाही.

पाच-सातशे रुपयांना ईमेलवर येणारी की बऱ्याचदा याच व्हॉल्यूमच्या व्यवस्थेतून गळालेली असते. व्हॉल्यूममध्ये दोन पद्धती आहेत. एमएके ही ठरावीक संख्येइतक्या वेळा चालणारी की. ती एखाद्या संस्थेची असते, विक्रेता ती शेकडो लोकांना विकतो, आकडा संपला की चालत नाही आणि लक्षात आली की बंद केली जाते. दुसरी केएमएस. यात संस्थेचा स्वतःचा सर्व्हर मशीनना मान्यता देतो, आणि निदान २५ डेस्कटॉप त्याच्याकडे आल्याशिवाय तो देतच नाही. मान्यता १८० दिवसांची असते, आणि मशीन दर सात दिवसांनी ती वाढवून घेतं. विद्यापीठासाठी हे उत्तम आहे. तीन टेबलांच्या कार्यालयातलं मशीन केएमएसवर दिसलं, तर एकतर ते कुण्या परक्याच्या सर्व्हरकडे मान्यता मागतंय, नाहीतर आत ॲक्टिव्हेटर, म्हणजे खोटी मान्यता देणारा प्रोग्राम, टाकलाय. ॲक्टिव्हेटर टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात, त्यावर अनोळखी प्रोग्रामला ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क दिले जातात, याची मला कायद्यापेक्षाही जास्त काळजी वाटते.

कायदाही सौम्य नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. कार्यालयाला ती पळवाट मिळणं कठीण.

सेकंडहँड मशीनबद्दल मात्र चांगली बातमी आहे. मोठ्या कंपन्यांतून निघालेल्या लॅपटॉपवर एंटरप्राइज विंडोज दिसतं, ते कंपनीच्या करारावरचं असल्यामुळे तुमच्याकडे येत नाही. पण बायॉसमध्ये बहुतेक वेळा मूळची प्रोची ओईएम की असते, ती मशीनबरोबरच राहते. स्वच्छ फॉर्मॅट करून प्रो टाकलं, इंटरनेट जोडलं, की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. फॉर्मॅटनंतर जुन्या कंपनीच्या नावाचा लॉगिन पडदा आला तर मशीन अजून तिच्या नोंदणीत आहे. ती नोंद त्या कंपनीलाच काढता येते. असं मशीन घेऊच नये. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आहे का आणि प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे का, हेही पाहा. असेल तर १० चा अस्सल परवाना ११ लाही चालतो, वेगळे पैसे पडत नाहीत.

ज्या मशीनवर फक्त ब्राउझर, ईमेल आणि पत्रलेखन चालतं, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली टाका. उबुंटू या लिनक्सच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा अद्यतनं मिळतात, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही लिनक्स प्रणालीही आहे. मात्र हिशेबाचं सॉफ्टवेअर, डिजिटल स्वाक्षरीचं टोकन आणि प्रिंटर हे तिन्ही आधी चालवून बघा.

मशीन ताब्यात घेताना पैसे देण्याआधी दोन मिनिटं काढा. टर्मिनलमध्ये 'एसएलएमजीआर', जागा, तिरकी रेघ, 'डीएलआय' (dli) टंका. छोट्या खिडकीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम असा प्रकार लिहून येतो. तिथेच 'डीएलआय'ऐवजी 'एक्सपीआर' (xpr) टंकलं की ॲक्टिव्हेशन कायमचं आहे की अमुक तारखेला संपतंय ते कळतं. ओईएमचे पैसे घेऊन खिडकीत व्हॉल्यूम दिसलं तर मशीन घ्यायचं नाही. डबाबंद परवाना तुमच्यासमोर टाकला असेल तर खिडकीत दिसणारी कीची शेवटची पाच अक्षरं डब्यातल्या कीशी जुळली पाहिजेत. बिलावर विंडोजची ओळ वेगळी हवी: होम की प्रो, परवान्याचा प्रकार, मशीनचा अनुक्रमांक, संस्थेचं नाव आणि जीएसटी क्रमांक. नुसतं 'संगणक संच' लिहिलेलं बिल तिथेच दुरुस्त करून घ्या, आणि बिल, डबा, स्टिकरचा फोटो एका फायलीत ठेवा. दुकान बंद पडलं तरी तपासणीच्या वेळी तेच दाखवावं लागतं.