तीन वर्षांनंतरची गाडी

[दृश्य: लिफ्टवर चढवलेली गाडी. गिअरबॉक्स हळूहळू खाली येतोय.]

या गिअरबॉक्समध्ये काहीही बिघडलेलं नाही. तो आडवा येतोय, म्हणून उतरवावा लागतोय. खरं काम आहे त्याच्या मागे दडलेल्या टायमिंग चेनचं, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणाऱ्या साखळीचं.

बीएमडब्ल्यूचं एन 47 हे दोन लिटरचं डिझेल इंजिन 2007 साली आलं. आपल्याकडे 320डी, 520डी, एक्स1 अशा गाड्यांत ते बसलं. पुष्कळ इंजिनांची चेन पुढच्या बाजूला असते. कव्हर काढलं की हाताशी येते. इथे ती मागे, गिअरबॉक्सला लागून असलेल्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या बाजूला नेली. तिकडे कंप कमी, म्हणून विचार तसा बरोबरच. पण चेन कुरकुरायला लागली की गिअरबॉक्स उतरवा, फ्लायव्हील काढा, चेंबर म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं खोला. कित्येक गॅरेजांत तर आख्खं इंजिनच बाहेर काढतात.

[दृश्य: मेकॅनिकच्या तळहातावर तपकिरी प्लॅस्टिकची पट्टी, टोक तुटलेलं.]

हा चेनचा गाईड. चेन सैल पडू नये म्हणून तिला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची पट्टी. ऑइल जुनं, पातळ झालं की चेन लांबते, पट्टीवर आपटत राहते आणि पट्टीचे तुकडे पडतात. ते तुकडे चेंबरमध्ये, तिथून ऑइल पंपाच्या जाळीवर. म्हणून नवीन चेन घालताना चेंबर धुऊन जाळी साफ केली नाही, तर काम अर्धवटच. गाईड, चेन ताणून धरणारा टेन्शनर, क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं) मागचं सील नवीन घ्यायचं. जे बोल्ट कसताना ताणले जातात, तेही नवीन. जुने परत कसायचे नाहीत. क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट लॉक केल्याशिवाय चेनला हात लावायचा नाही.

चेन चालू गाडीत तुटली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. इंजिन गेलं.

[दृश्य: ऑइलचा कॅन, शेजारी सर्व्हिस बुक.]

युरोपात या गाड्यांना 30,000 किलोमीटर किंवा दोन वर्षं एवढं मोठं ऑइल बदलीचं अंतर दिलं गेलं. हायवेवर ते खपून जातं. पण सिग्नलला उभ्या राहणाऱ्या गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, पुरता साफ होत नाही; आतली काजळी अर्धवटच जळते आणि ती जाळायला सोडलेलं, उरलेलं डिझेल ऑइलमध्ये मिसळतं. म्हणून जाणते मेकॅनिक 10,000 ला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, सव्वापाच लिटर ऑइल फिल्टरसकट बदलतात. सेकंडहँड घेताना चकाकी बघू नका, या बदल्यांची बिलं मागा. थंड इंजिन सुरू करायला लावा आणि कान केबिनच्या बाजूला, इंजिनच्या मागच्या अंगाला लावा. साखळी ओढल्यासारखा आवाज तिथून येतो.

‘लाइफटाइम ऑइल’ म्हणून विकल्या गेलेल्या गिअरबॉक्सचंही तेच. आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. त्याचा फिल्टर प्लॅस्टिकच्या चेंबरमध्येच ओतलेला असतो, त्यामुळे चेंबरही नवीन.

आणि मग कुठली गाडी टिकाऊ ते सांगणारे सर्व्हे! जे. डी. पॉवर या सर्वेक्षण कंपनीच्या टिकाऊपणाच्या अमेरिकन पाहणीत 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षं टोयोटाची लेक्सस पहिली आली. मान्य. पण तिथे विचारलं जातं तीन वर्षांच्या गाडीबद्दल. रबर, प्लॅस्टिक, सील यांची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. 1989 मध्ये आलेल्या लेक्सस एलएस 400 मध्येही टायमिंग बेल्ट बदलावा लागतोच. फक्त तो पुढच्या बाजूला आहे आणि कधी बदलायचा, ते पुस्तकात लिहिलंय.

[दृश्य: सकाळ. पार्किंगमधली मर्सिडीज, पुढचा एक कोपरा बसलेला.]

एअर सस्पेन्शन. म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी गाडी. रात्री चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, सकाळी परत मोजा. फरक दिसला की फुग्याच्या घडीवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे येतील तिथे चीर. ती तशीच ठेवली तर फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर सतत पळतो आणि जळतो. त्याची वीज चालू-बंद करणारा रिले चिकटल्यामुळेही जळतो, म्हणून कॉम्प्रेसरबरोबर रिलेही बदलायचा.

[दृश्य: सनरूफ उघडं. कोपऱ्यातल्या पन्हळीत कपभर पाणी ओतलं जातंय.]

पावसाळ्याच्या आधी एवढं करा. पाणी गाडीखाली टपकायला हवं. नाही टपकलं, तर सनरूफचं पाणी खाली नेणारी नळी तुंबलीय. नायलॉनची मऊ दोरी हळूच सारा. हवेचा प्रेशर मारू नका. नळी आतल्या आत सुटते आणि पाणी थेट कार्पेटखाली उतरतं, जिथे वायरिंगचे जोड आणि कंट्रोल मॉड्यूल असतात.

[दृश्य: कार्पेट उचललेलं. खाली पाणी. आवाज बंद.]