आफ्रिकेतला काजू कारखाना बंद का पडतो?

नमस्कार.

[टेबलावर दोन ताटल्या: एकीत काजूच्या बिया, दुसरीत पांढरे काजूगर]

या बिया कोकणातल्या वाटतील, पण बेनिन, गिनी-बिसाऊ, मोझांबिक आणि टांझानियातही अशाच पिकतात. हे चारही देश संयुक्त राष्ट्रांच्या अत्यल्प विकसित देशांच्या यादीत आहेत. जगातला निम्म्याहून जास्त काजू आज आफ्रिकेत पिकतो, आणि त्यातला बहुतेक माल न फोडताच जहाजात चढतो. तो व्हिएतनामला जातो, नाहीतर आपल्याकडे येतो. चंदगड-आजऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत अनेक कारखान्यांत हा आफ्रिकन माल फुटतो.

या धंद्यात बीचा भाव उताऱ्यावर ठरतो, म्हणजे 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघतो त्यावर. उतारा 48 म्हणजे साधारण 21.8 किलो. बाकी टरफल, साल आणि खराब गर. चार कंटेनर बी पाठवली तर पलीकडे जेमतेम एक कंटेनर गर हाती लागतो, आणि उरलेल्या तिघांचं भाडं टरफलापायी जातं. मग तिथेच का फोडत नाहीत?

फोडतात, पण कारखाने टिकत नाहीत. अशा देशांत उद्योग उभा करायचा म्हटलं की सगळे आधी यंत्रांबद्दल बोलतात. माझ्या मते पहिला प्रश्न बी खरेदीच्या पैशाचा आहे.

[फळ्यावर आकडे]

समजा कारखाना दिवसाला 10 टन बी फोडतो. महिन्याचे 25 दिवस धरले तर 250 टन, वर्षाला 3,000. पण हंगाम साधारण चार महिन्यांचा असतो. तो संपताना पुढच्या आठ महिन्यांची, म्हणजे 2,000 टन बी गोदामात हवी. टनाला 1,000 डॉलर धरा, 20 लाख डॉलर अडकले. साठा हळूहळू उतरत जातो, म्हणून सरासरी 10 लाख डॉलरवर आठ महिन्यांचं व्याज पकडू. 12 टक्क्यांनी ते 80 हजार डॉलर होतं, 6 टक्क्यांनी 40 हजार. कर्ज स्वस्त असलेल्या देशातला व्यापारी त्याच शेतकऱ्याच्या दारात तीच बी घ्यायला उभा असतो, आणि तो जास्त भाव देऊ शकतो. स्थानिक कारखान्याला बी कमी मिळते, चार महिन्यांनी काम थांबतं आणि फोडणीचं काम शिकलेल्या बायका दुसरीकडे निघून जातात.

त्यात हंगामानंतर गराचा भाव पडला तर महागात घेतलेली बी गळ्यात पडते. म्हणून बी घेतानाच काही गराचे सौदे आगाऊ करून ठेवावे लागतात. बँकेला तारण म्हणून गोदामातली बी चालते, पण गोदाम तिऱ्हाइताच्या कुलपाखाली हवं आणि बीतली ओल 10 टक्क्यांच्या आत. ओली बी पोत्यात तापते, बुरशी धरते आणि तारणच कुजतं.

[फोडणीच्या यंत्राचं दृश्य]

आता कारखान्यात येऊ. बी आधी आकारानुसार चाळायची. न चाळलेली बी कटरला लावली की मोठी चिरडते आणि छोटी तशीच निसटते. मग वाफ द्यायची आणि रात्रभर निवू द्यायची. वाफ कमी पडली तर टरफल सुटत नाही, जास्त झाली तर टरफलातलं तेल गराला लागतं आणि डाग पडतो. हे तेल हातही पोळतं, म्हणून फोडणाऱ्यांना हातमोजे हवेतच. फोडलेला गर भट्टीत 70-80 अंशांवर काही तास वाळतो, मग साल काढायची. गर ओला राहिला तर साल चिकटते. फार वाळला तर तुकडे होतात, आणि तुकड्याचा भाव अख्ख्या गरापेक्षा बराच कमी. डब्ल्यू-320 म्हणजे पौंडाला साधारण 320 अख्खे गर. नफा त्या अख्ख्या गरातच आहे.

मोझांबिकचं उदाहरण बघा. 1970च्या सुमाराला तो जगातल्या सर्वांत मोठ्या काजू उत्पादकांपैकी एक होता. मोठ्या कारखान्यांत बी आपटून फोडणारी यंत्रं होती, आणि त्यात गर फार तुटायचा. 1990च्या दशकात जागतिक बँकेच्या दबावाने कच्च्या बीवरचा निर्यातकर उतरवला. बी बाहेर चालली, कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार बेकार झाले, त्यात बायका फार होत्या. 1999 मध्ये कायदा करून कर पुन्हा 18 ते 22 टक्क्यांवर नेला. त्यानंतर नांपुला प्रांतात वाफ देऊन हाताच्या कटरने फोडणारे छोटे कारखाने उभे राहिले. अख्खा गर वाढला, म्हणून ते चालले.

बेनिनने एप्रिल 2024 पासून कच्च्या बीची निर्यातच बंद केली आणि ग्लो-जिग्बेच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने आणले. बंदीने बी देशात राहते हे खरं. पण कारखान्यांची क्षमता पिकापेक्षा कमी असेल तर भाव शेतकऱ्याचा पडतो, आणि पोती रात्री शेजारच्या देशात जातात. त्यामुळे बंदीपेक्षा निर्यातकर बरा, आणि त्या कराचा पैसा कारखान्यांच्या खरेदी कर्जाच्या हमीला लावावा.

शेवटचा अडथळा बाजाराचा. युरोपात थेट खाण्याच्या काजूत अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीतून तयार होणाऱ्या विषाची मर्यादा किलोला 4 मायक्रोग्रॅम आहे, त्यातही बी-1 प्रकाराची 2. तपासणीची प्रयोगशाळा देशात नसेल तर प्रत्येक खेपेचा नमुना परदेशी पाठवावा लागतो, आणि अहवाल येईपर्यंत माल अडकून पडतो. इकडे भारताने 2019 मध्ये आयात गराची किमान किंमत ठरवली: अख्ख्याला किलोला 720 रुपये, तुकड्याला 680. कोकणातल्या बागायतदाराला आणि कारखानदाराला तिचा आधार आहे, तो काढा असं मी म्हणणार नाही. पण त्यामुळे बेनिनचा गर आपल्या बाजारात सहज येत नाही, बी मात्र येते. तिथल्या कारखान्याने गिऱ्हाईक युरोप-अमेरिकेत शोधायचं हे पहिल्या दिवशीच ठरवायला हवं, आणि प्रयोगशाळेचा खर्च प्रकल्प अहवालात बॉयलरच्या शेजारी लिहायला हवा.