नळीतला खडा काढला, पुढे काय?

सुरुवातीलाच एक गोंधळ मिटवून टाकू. आपल्याकडे ‘पित्त’ या शब्दाला फार कामं आहेत. छातीत जळजळलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्तच. आज मी ज्या पित्ताबद्दल बोलणार आहे त्याचा या तिघांशी संबंध नाही. यकृतात रोज अर्धा ते एक लिटर पिवळट-हिरवा रस तयार होतो आणि एका नळीतून लहान आतड्यात उतरतो. त्या नळीला बाजूने एक पिशवी लटकलेली असते, ते पित्ताशय. पिशवीतला खडा कित्येकदा जन्मभर गप्प बसतो. तोच नळीत उतरला की कावीळ, हुडहुडी भरून ताप, स्वादुपिंडाला सूज, असं काहीही होऊ शकतं.

असा खडा दुर्बिणीतून काढतात, त्याला ईआरसीपी म्हणतात. तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत न्यायची, नळीच्या तोंडाशी असलेली झडप जराशी कापायची आणि बारीक जाळीने किंवा फुग्याने खडा खाली ओढायचा. झडप कापायची ही युक्ती १९७४ साली जर्मनी आणि जपानमधल्या डॉक्टरांनी जवळजवळ एकाच वेळी जगापुढे मांडली. पोटावर टाका नाही, पेशंट बहुधा दोन-तीन दिवसांत घरी. म्हणूनच घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे.

आणि मग प्रश्न येतो, ‘डॉक्टर, खडा तर निघाला, आता पिशवी कशाला काढायची?’

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर झोपेतही देईन. नळीतला खडा बहुतेक वेळा पिशवीतूनच घसरून आलेला असतो. आम्ही नळी साफ केली, पण खडे पाडणारा कारखाना तसाच चालू आहे. नेदरलँड्समध्ये नेमकं हेच तपासलं होतं, २००२ साली ते प्रसिद्ध झालं. नळी साफ केलेले १२० पेशंट घेतले. काहींची पिशवी लगेच काढली, बाकीच्यांना सांगितलं, थांबा, त्रास झाला तर बघू. दोन वर्षांत थांबलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला. ऑपरेशन झालेल्यांत हा आकडा होता २ टक्के. थांबायचंच असेल तर हे दोन आकडे डोळ्यांसमोर ठेवून थांबा. शक्यतो त्याच भरतीत, नाहीतर दोनेक आठवड्यांत पिशवी काढून घ्यावी. ‘दिवाळी होऊ दे, मुलीचं लग्न होऊ दे’ करत सहा महिने लोटतात आणि एखादी रात्र आयसीयूत काढावी लागते. पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा असतील, हृदय जेमतेम चालत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे ऑपरेशनचा धोका आणि खड्याचा धोका तराजूत घालून बघावा लागतो. पण पन्नाशीच्या धडधाकट माणसाने आजोबांची सबब सांगू नये.

आता अवघड भाग. पिशवी काढली, तरी काहींना नळीतच नवे खडे होतात. शंभरातल्या किती जणांना? वेगवेगळ्या अभ्यासांत चारपासून पंचवीसपर्यंत आकडे सापडतात, कारण पेशंट वेगळे आणि किती वर्षं लक्ष ठेवलं तेही वेगळं. हे खडे पिशवीतल्यांसारखे नसतात. तपकिरी, मऊ, चिखलासारखे, बोटाने चुरडले जातील असे. यांच्या मुळाशी असतात जंतू. झडप म्हणजे एका दिशेने उघडणारं दार. ते आम्ही कापलं, म्हणजे खडा बाहेर यायला वाट झाली, पण आतड्यातले जंतू वर चढायलाही वाट झाली. हे जंतू पित्तातलं बिलिरुबिन, म्हणजे पित्ताला पिवळा रंग देणारं द्रव्य, वेगळं करतात, ते कॅल्शियमला चिकटतं आणि गाळ बसायला लागतो. मग झडप कापूच नये का? कापावी लागते, नाहीतर मोठा खडा निघणार कुठून! तरी ही किंमत पेशंटला आधी सांगायला हवी, आणि आम्ही डॉक्टर ती सहसा सांगत नाही.

गाळ साचतो तो संथ पाण्यात. नळीची रुंदी साधारण सहा-सात मिलिमीटर असते. ती पंधराच्या वर फुगली असेल, वाकडी झाली असेल, किंवा तिच्या तोंडाजवळ आतड्याला खिसा पडला असेल, तर पित्त रेंगाळतं. अशांचे खडे परत येतात. मोठा खडा आत फोडून काढला असेल तर त्याचा चुराही मागे राहू शकतो, आणि त्याच्याभोवती नवा खडा धरतो. म्हणून काम संपल्यावर सलाईनने नळी धुऊन घेणं फार मोलाचं. पेशंटने विचारायला हरकत नाही, ‘नळी पूर्ण साफ झाली का?’

आणि स्टेंट! सगळे खडे एका वेळी निघाले नाहीत की आम्ही प्लास्टिकची बारीक नळी आत ठेवतो. ती तात्पुरती असते, साधारण तीन महिन्यांत काढायची किंवा बदलायची. एक काका माझ्याकडे आले, स्टेंट आत चार वर्षं. त्याच्याभोवती खड्यांचा थर बसला होता. काकांना आत काही ठेवलंय हेच माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, पण इंग्रजीत, शेवटच्या ओळीत. यात काकांचा दोष काय? तेव्हापासून मी घरातल्या तरुण माणसाचा मोबाइल मागतो आणि माझ्यासमोर तारखेचा गजर लावायला सांगतो.

औषधाने थांबतं का? अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या अनेकांना लिहून दिल्या जातात. त्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतात, तपकिरी खडे त्यांनी विरघळत नाहीत. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पिशवीत खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने देतात, तिथे त्यांचा उपयोग आहे. चाळिशीच्या आतच पिशवी काढूनही खडे होत असतील, तर जनुकातला दोष शोधावा; सापडला तर हीच गोळी खरी कामाची.

टोमॅटोच्या बिया, पालक हे पथ्य मुतखड्याचं, इथे आणू नका. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस रात्री पिऊन सकाळी हिरवे ‘खडे’ पडतात, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते तेलाचे साबणासारखे गोळे असतात. झटपट वजन उतरवणं मात्र खरंच वाईट, आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त नको. उपासाचं विचाराल तर एकादशी अन् दुप्पट खाशी, त्यामुळे आपल्या उपासांची मला फार काळजी नाही. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलच्या मुलांना लहान वयात खडे होतात. तिथे आहाराचा काही हात नसतो, फुटलेल्या रक्तपेशींतून ते बनतात.

शेवटी एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘नळीत हवा’ असं आलंय, झोप उडाली आहे. ताई, झडप कापल्यावर आतड्यातली हवा वर जाते, ते अपेक्षितच आहे. फक्त त्या हवेमागे छोटा खडा लपू शकतो. म्हणून सोनोग्राफी चांगली आली तरी थंडी वाजून ताप, लघवी गडद, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काही झालं तर तापाची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखान्यात जा. आणि जाताना जुनी कार्डं बरोबर घ्या, झडप कापली आहे हे तिथल्या डॉक्टरांना कळायला हवं.