आत्या आणि मयसभा

नमस्कार श्रोतेहो. आपल्या नाशिककरांचं विमानतळ म्हणजे ओझर. 1964 मध्ये तिथं मिग लढाऊ विमानांचा कारखाना उभारायचं ठरलं. प्रवाशांची आताची टर्मिनल इमारत उघडली 2014 मध्ये. आज बोलायचंय ते अशा इमारतींबद्दलच. साधा नियम आहे: पुढं कुठं जायचं ते प्रवाशाला दिसलं पाहिजे. विचारावं लागू नये, दिसलं पाहिजे. दारातून काउंटर, काउंटरवरून तपासणी, तपासणीतून गेट.

मला हे उमगलं ते आत्यामुळे. आत्या पंचवटीतली, वय 78, नऊवारी, हातात चिवड्याची पिशवी. मागच्या वर्षी एका मोठ्या शहरातून तिला घेऊन परत येत होतो. तपासणी झाली आणि समोर फरशी अशी चकचकीत, की छतातले सगळे दिवे खाली उतरलेले. आत्या थबकली. एका हातानं निऱ्या उचलल्या, दुसऱ्यानं माझा दंड धरला. "अरे, ओलं आहे सगळं. आत्ताच पुसलंय."

"कोरडं आहे गं."

"मग दिवे बुडाल्यासारखे का दिसतायत?"

मयसभेत दुर्योधनानं असंच वस्त्र सावरलं होतं. त्याच्या मागं ट्रॉल्या ढकलणारी माणसं मात्र नव्हती! शेवटी म्हटलं, भिंतीकडेनं जाऊ. तर भिंतीच्या जागी अत्तरांची दुकानं, आणि रस्ता त्यांच्यातूनच वळणं घेत गेलेला. हे मुद्दाम असतं बरं का. विमानतळाची बरीच कमाई दुकानांतून होते. होऊ दे, पण एक कप चहा तरी परवडेल असा ठेवा की! सरकत्या पट्ट्यावर तर आत्यानं पाय ठेवलाच नाही. आमची नावं पुकारली गेली तेव्हा गेट अजून दहा दुकानं लांब होतं.

वय झालं की डोळ्यांना चकाकी सोसत नाही, खोलीचा अंदाज चुकतो. म्हणून फरशी मॅट हवी, खुर्च्यांना उठताना टेकायला हात हवेत. ॲमस्टरडॅमच्या स्किपोलला 1967 पासून पिवळ्या पाट्या आहेत, लांबूनच नजरेत भरणाऱ्या. पुन्हा सांगतो, विचारावं लागू नये, दिसावं.

ओझरला उतरलो. शिडी, थोडं चालणं, पट्ट्यावर बॅग. आत्यानं चपलेचं टोक फरशीवर दोनदा घासून पाहिलं, आणि मगच चिवड्याची पिशवी खाली ठेवली.