अहकाब म्हंजे नक्की किती वर्षं?

सगळ्यांना नमस्कार, सलाम. आज फक्त एका शब्दावर बोलणार आहे. आल्या आल्या एका पोरानं विचारलं, सर तासभर एकाच शब्दावर काय बोलणार, त्याला म्हटलं बस पुढं, या शब्दावर लोक हजार वर्षांच्या वर बोलतायत, आपल्याला एक तास काय जड आहे. शब्द आहे कुराणातला, अहकाब.

कुराणाचा तिसावा, शेवटचा पारा, म्हंजे भाग, ज्या सूरहनं, म्हंजे अध्यायानं सुरू होतो ती अन-नबा, ७८ वी, ४० आयतींची, म्हंजे वचनांची. आपल्याकडं पोरं अरबी वाचायला बसतात तेव्हा बहुतेक हाच 'अम्मा पारा' आधी हातात येतो, म्हंजे अर्थ कळायच्या कितीतरी आधी हा पाठ झालेला असतो. त्यात २१ व्या आयतीपासून जहन्नमचं, म्हंजे नरकाचं वर्णन आहे. जहन्नम टपून बसलीय, हद्द सोडून वागणाऱ्यांचं ते ठिकाण, आणि मग २३ वी आयत, तीनच शब्द, 'लाबिसीना फीहा अहकाबा'. लाबिसीन म्हंजे मुक्काम करणारे, फीहा म्हंजे तिच्यात, आणि अहकाब म्हंजे... इथं गाडी अडते.

मला हा शब्द पहिल्यांदा कुठल्या तफसीरमध्ये, म्हंजे कुराणाचा अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात भेटला नाही, सदर बाजारात नानीच्या स्वयंपाकघरात भेटला. माझा मामू मार्केट यार्डात गुळाच्या अड्ड्यावर हमाल होता, तीस-तीस किलोचे रवे, म्हंजे गुळाच्या ढेपा, दिवसभर पाठीवर, आणि संध्याकाळी दारू. नमाज ईदची तेवढी. तो चाळिशीतच गेला. चाळिसाव्याला घरात फातिहा झाली, जेवणं झाली, आणि नानीनं एका मौलवीसाहेबांना विचारलं, माझ्या पोराला किती दिवस राहावं लागेल तिथं. माणूस वाईट नव्हता, त्यांना जे शिकवलेलं ते त्यांनी सांगितलं, की अहकाब हे हुक्बचं अनेकवचन, एक हुक्ब ८० वर्षांचा, वर्ष ३६० दिवसांचं आणि तिथला एकेक दिवस इथल्या १,००० वर्षांचा. नानीला शाळा नव्हती. ती दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडत बसली होती, सूप मांडीवर, आणि खडे बाजूला काढता काढता मला म्हणाली, "बाबू, तू हिसाब में होशियार है ना, कित्ते साल होते वो?" मी नववीत. पाटीवर नाही, वहीवर गुणाकार करून दाखवला, २ कोटी ८८ लाख. एका हुक्बचे. तिनं आकडा परत विचारला नाही. पुढं मी आयुष्यभर गणितच शिकवलं, पण तो गुणाकार मी केला नसता तर बरं झालं असतं असं अजून वाटतं.

आता हा ८० चा हिशेब कुठून आला ते बघू, कारण तो मौलवीसाहेबांनी मनानं काढलेला नव्हता. तबरी म्हणून फार मोठे मुफस्सिर, म्हंजे कुराणाचे भाष्यकार, बगदादला ९२३ साली वारले, त्यांनी आपल्या तफसीरमध्ये जुन्या लोकांची मतं एकाखाली एक मांडून ठेवलीयत. त्यात एक रिवायत, म्हंजे ऐकून पुढं सांगत आणलेली नोंद, अशी की चौथे खलिफा हजरत अलींनी हिलाल अल-हजरी नावाच्या माणसाला विचारलं, हुक्ब म्हंजे काय सापडतं तुम्हाला, आणि त्यानं हाच हिशेब सांगितला, ८० वर्षं, १२ महिने, ३० दिवस, दिवस हजार वर्षांचा. पण त्याच पानांवर कुणी ७० हजार म्हणतंय, कुणी ३०० म्हणतंय. आणि हसन बसरी नावाचे जुने विद्वान, जे ७२८ साली गेले, ते म्हणतात अहकाबला मोजणीच नाही. एकाच शब्दाचे इतके आकडे येतात तेव्हा गणिताच्या मास्तराला एकच शंका येते, की हा आकडा आहे तरी का?

म्हणून शब्दाच्या मुळाशी जाऊ. ह-क-ब. सौदीला, दुबईला जाऊन आलेलं कुणी असेल तर त्यांना विचारा, हकीबा म्हंजे काय, तर बॅग. आज सूटकेसला म्हणतात, पूर्वी उंटाच्या खोगिराच्या मागं जे गाठोडं बांधायचे त्याला म्हणायचे. आणि ज्या दोरीनं ते मागं आवळायचे ती हकब. म्हंजे या धातूत 'मागं बांधलेलं', एकामागं एक लागून येणारं, असा भाव आहे. यावरून बऱ्याच जणांनी अहकाबचा अर्थ लावला की काळामागं काळ, एक सरला की मागं बांधल्यासारखा दुसरा हजर. विसाव्या शतकातले भाष्यकार मौलाना मौदूदी, त्यांनीही असाच अर्थ घेतलाय, की असा एकही दौर नाही ज्याच्यामागं दुसरा येणार नाही, म्हंजे शेवट नाहीच.

पण थांबा, हाच शब्द एकवचनात अजून एका ठिकाणी येतो, १८ व्या सूरहच्या ६० व्या आयतीत. पैगंबर हजरत मूसा आपल्या बरोबरच्या तरुणाला सांगतात, दोन दर्या मिळतात त्या जागी पोचल्याशिवाय मी थांबणार नाही, नाहीतर हुकुब चालत राहीन. मूसा माणूस आहेत, दोन पायांवर चालतायत. आपल्यातलं कुणी म्हणालं की प्रयाग चिखलीच्या संगमाला पोचेस्तोवर थांबणार नाही मग जन्म जाऊ दे, तर तो काही वर्षं मोजत नाही, आणि अनंतकाळ असंही म्हणत नाही. लांबलचक काळ, ज्याचा दुसरा काठ दिसत नाही पण असू शकतो, एवढंच त्याच्या तोंडून येतं. आपणच बघा, विठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे म्हणतो, कधी कुणी वारकऱ्यानं कॅल्क्युलेटर काढलाय का? तिथं आकडा असून मोजत नाही, इथं तर आयतीत आकडाच नाही.

जमखशरी म्हणून भाषेचे मोठे जाणकार, ११४४ ला वारले, ते एक वेगळाच अर्थसुद्धा नोंदवतात, आणि मला तो फार जिव्हाळ्याचा वाटतो. अरब लोक पाऊस दडी मारला की म्हणायचे हकिब झालं यंदाचं वर्ष. ज्याची रोजी चुकली तो माणूस पण हकिब. मग अहकाब हे काळाचं नावच राहत नाही, तर 'कोरडे पडलेले, वंचित' असं त्या लोकांचंच वर्णन होतं. आणि लगेच पुढची आयत बघा, २४ वी, तिथं ना गारवा चाखतील ना पेय. शब्द एकमेकांना चिकटून बसतात की नाही! आटपाडीकडची माणसं इथं बसलीयत, त्यांना दुष्काळ म्हंजे काय हे सांगायची गरज नाही. हा अर्थ फार कमी लोकांनी धरला, मान्य, मीसुद्धा तोच खरा असं म्हणणार नाही.

स्वतः तबरी काय करतात, तर २३ व्या आयतीला २४ व्या आयतीशी जोडून वाचतात, की अहकाबपर्यंत गारवा नाही पेय नाही अशी शिक्षा, आणि नंतर दुसऱ्या तऱ्हेची. मुदत जहन्नमची नाही, त्या एका प्रकारच्या शिक्षेची. मुकातिल नावाचे एक जुने जाणकार म्हणाले होते की ३० व्या आयतीनं, जिच्यात 'आम्ही तुमची शिक्षाच वाढवू' असं आहे, ही आयत रद्द केली, त्यावर तबरींचं उत्तर मला फार आवडतं. ते म्हणतात हुकूम रद्द होतो, ही तर खबर आहे. पुढं असं घडणार ही बातमी दिली, ती रद्द कशी करणार.

आता दुसरी बाजू न सांगता पुढं जाणं बरोबर नाही. जहन्नमबद्दल 'खालिदीना फीहा अबदा', कायम, नेहमीसाठी, असं कुराणात तीन ठिकाणी आलंय, ४:१६९, ३३:६५, ७२:२३. त्यामुळं बहुसंख्य उलमांचं, म्हंजे धर्मपंडितांचं मत आजही हेच आहे की इन्कार करणाऱ्यांसाठी जहन्नम कायमची, आणि अहकाब त्याच्या आड येत नाही. पण ११ व्या सूरहत १०७ ला 'तुझ्या रबची, म्हंजे पालनकर्त्याची मर्जी असेल तेवढं सोडून' असं आलंय, आणि लगेच १०८ ला जन्नतबद्दल, म्हंजे स्वर्गाबद्दल बोलताना 'न तुटणारी देणगी' अशी जोड दिलीय, जी जहन्नमला दिलेली नाही. या फरकावर इब्न कय्यिम नावाचे विद्वान, १३५० ला गेले, यांनी पानंच्या पानं लिहिली, की आग एक दिवस संपेल का. तकीउद्दीन सुबकींनी त्या मताविरुद्ध कडक लिहिलं. दोघंही त्याच शतकातले, दोघंही आज मदरशात वाचले जातात.

माझं मत विचाराल तर एकट्या अहकाबवरून ना ८० वर्षं निघतात ना अनंतकाळ. शब्द लांबीचा आहे, मोजमापाचा नाही. म्हणून भाषांतरात तो उघडा ठेवला पाहिजे. मुहम्मद असदनं इंग्रजीत 'दीर्घ काळ' केलं आणि टीप देऊन टाकली की कायमचं नव्हे, पिकथॉलनं नुसतं 'युगं' लिहून सोडलं, मला पिकथॉल बरा वाटतो. मराठीत आपल्याकडं 'युगामागून युगं' आहे की, तोच घ्यावा. ज्यानं कंसात ८० वर्षं घातली त्यानं कुणाच्यातरी नानीच्या सुपात खडा टाकला.

मागून एक ताई विचारतायत, सर मग तुमच्या मामूंचं काय? ताई, निकाल माझ्या हातात नाही, पण ही आयत कुणाबद्दल आहे ते तिच्यातच लिहिलंय, आणि ते मला कुणी आधी वाचून दाखवलं नव्हतं. २७ वी आयत, 'इन्नहुम कानू ला यर्जूना हिसाबा', त्यांना हिशेब होईल अशी अपेक्षाच नव्हती. आणि २८ वी, त्यांनी आमच्या आयती खोट्या ठरवल्या. माझा मामू खिशात एक छोटी वही ठेवायचा, तेलकट, गुळानं चिकट झालेली, किती रवे उचलले त्याच्या उभ्या रेघा, पाच झाले की आडवी. रात्री पिऊन आला की ती वही उशाला ठेवायचा आणि छताकडं बघून म्हणायचा, "उप्पर भी हिसाब देना है रे, क्या दिखाऊँ." हे मी माझ्या कानानं ऐकलंय, एकदा नाही, कितीतरी वेळा. हिशेबाची अपेक्षा नसलेला माणूस असं बोलत नाही.

नानी १९९३ ला गेली. मी अरबी शिकायला बसलो ते त्याच्या चार वर्षांनी.